छत्तीस नंबरचा बिल्ला

“आणि नाहीच झालं तर, आत्याबाई?”

आत्याबाईंनी मान वर केली नाही. समोर कागदाचे चौकोनी तुकडे ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकावर त्या चमच्याच्या टोकाने सुंठीचं चूर्ण ठेवत होत्या.

“मी विचारतेय, नाही झालं तर काय करायचं?”

“दंडवत राहिला तुझा.”

कुंदाने जीभ चावली. मठात पाऊल टाकलं की आधी दंडवत, हे तिला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक. आज मात्र एक चप्पल पायरीवर आणि दुसरी अंगणात टाकून ती थेट आत घुसली होती. तिने भुईला डोकं टेकवलं, आणि उठता उठता तोंडातून पुन्हा तेच निघालं.

“पण नाही झालं तर?”

“आणि झालं तर?”

कुंदा गडबडली. “झालं तर... झालं तर मग काय!”

“म्हणजे त्याचा विचार केला नाहीस.”

“नाही.”

“हं...” आत्याबाईंनी पहिली पुडी बांधायला घेतली.

वऱ्हाडातल्या काजळगावच्या त्या मठात सोमवारी आणि गुरुवारी दवाखाना चाले. आत्याबाई या मठातल्या सगळ्यांत जुन्या संन्यासिनी. सत्तरी ओलांडलेली, अंगावर काळसर लुगडं, आणि बोटं अशी, की नाडीवर टेकली की माणूस आपसूक खरं बोलू लागे. पंचक्रोशीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी बरं केलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना वेळेवर तालुक्याच्या दवाखान्यात पिटाळलं होतं. दुसरं काम जास्त कठीण, असं त्या म्हणत.

कुंदा त्यांच्या हाताखाली वाढलेली. शाळेला सुट्टी लागली की ती इथे पुड्या बांधायला यायची, जखमा धुवायला पाणी गरम करायची. पुढे बी. एस्सी.ला विद्यापीठात दुसरी आली. पहिली का आली नाही, याचं दुःख तिने दोन वर्षं पुरवून पुरवून केलं. मग लग्न झालं, राघू झाला. राघू आता चौदा महिन्यांचा.

डॉक्टर व्हायचं वेड मात्र गेलं नव्हतं. एका ट्रस्टच्या नव्या मेडिकल कॉलेजात मार्कांच्या जोडीला मुलाखत घेऊन प्रवेश देत. वयाची अट पंचवीस. कुंदाला पंचवीस पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. यंदा नाही, तर कधीच नाही.

मुलाखत होऊन तेवीस दिवस झाले होते. निकाल टपालाने कळवू, असं म्हणाले होते.

या तेवीस दिवसांत तिचं वजन घटलं, भाजी दोनदा करपली, आणि गावचा पोस्टमन तिची गल्ली चुकवून मागच्या बोळाने जायला लागला. कारण ती त्याला गावाच्या वेशीवरच गाठायची. परवा तर त्याने लांबूनच दोन्ही हात रिकामे करून दाखवले होते.

“मुलाखतीत काय विचारलं?” आत्याबाईंनी दुसरी पुडी घेतली.

“पाच जण होते. एकाने विचारलं, बाई, तुम्हाला तान्हं पोर आहे. उद्या परीक्षा आणि आज पोराला ताप आला, तर काय कराल?”

“मग?”

“माझ्या आधी आत गेलेली मुलगी बाहेर येऊन सांगत होती, तिने सेवा, त्याग, कर्तव्य असं काय काय म्हटलं. इंग्रजीतून. मी पण पाठ करून गेले होते. सगळं तयार होतं, आत्याबाई. आणि तोंडातून निघालं काय, तर...”

“काय?”

“आधी हात लावून बघीन म्हटलं. किती तापलंय ते.”

आत्याबाईंचा चमचा थांबला. मग पुन्हा चालू लागला.

“एक जण हसले. मधोमध पांढऱ्या केसांचे मोठे डॉक्टर बसले होते, त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. फार थोडं. मला म्हणाले, या तुम्ही.” कुंदाचा आवाज चढत गेला. “आता तुम्हीच सांगा, चष्मा कशाला काढला? राग आला असेल तर पुसला कशाला? बरं, उत्तर आवडलं असेल तर माणूस आणखी काही विचारतो ना? आमचे हे म्हणतात, काचेला धूळ लागली असेल. धूळ! इतकं बायकी उत्तर दिलं मी. विद्यापीठात दुसरी आलेली बाई, आणि आधी हात लावून बघते म्हणे!”

आत्याबाई पुड्या मोजत नव्हत्या, बघत नव्हत्या, नुसत्या बांधत होत्या.

“तू मला विचारायला आलीस, का सांगायला?”

“विचारायला. होईल का नाही, एवढंच सांगा. तुम्हाला माणसाकडे बघून कळतं.”

“मग बिल्ला घे आणि बस ओळीत.”

“मी पेशंट थोडीच आहे, आत्याबाई!”

“मग इतका वेळ काय दुखतं ते कशाला सांगत होतीस?”

कुंदा बाहेर आली.

मठाच्या ओसरीवर भिंतीला खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि त्यांवर लाकडी बिल्ले टांगलेले, प्रत्येकावर तापल्या सळीने डागलेला आकडा. बिल्ल्यांचा कारभार यक्षदेवदादांकडे. हे मठातले म्हातारे साधू. एका कानाने बहिरे, पण गळा असा की त्यांनी हाक मारली की दोन वाड्या पलीकडची गाय वळून बघे.

“तीन नंबर,” त्यांनी कुंदाच्या हातात बिल्ला ठेवला. “नियम ध्यानात हाये ना? हाका तीन. तिसऱ्या हाकेले जो उठला नाही, त्याचा बिल्ला परत खुंटीवर. आज गुरुवार, मंग थेट सोमवारी. आणि अदलाबदल दोघाच्या राजीखुशीनं. कोनी कोनावर जबरी करायची नाही.”

“ध्यानात आहे, दादा.”

“काय दुखते तुले?”

“काही नाही.”

“मंग फार दुखत असंल,” म्हणत दादा पुढच्या माणसाकडे वळले.

कुंदा खांबाला टेकून बसली. तिसरा नंबर. अर्ध्या तासात आत जाऊ, उत्तर घेऊ, राघू उठायच्या आत घरी. आयुष्यात तिला बहुतेक सगळीकडे दुसरा नाहीतर तिसरा नंबर मिळत आला होता, हे तिच्या मनात येऊन गेलं, आणि असल्या वेळी असले विचार येणारी बाई डॉक्टर कशी होणार, हेही.

“मेलो व माय! मेलो! मेलो!”

सगळी ओसरी वळली. शालिक नावाचा एक दांडगा गडी, काखेत एवढं मोठं गळू, हात पंखासारखा उचलून धरलेला. “जीव चालला बाई माहा! एकोणीस नंबर देल्ला! तवरोक मी राह्यतो काय!”

कुंदाच्या अंगात एकदम डॉक्टर शिरला. गंभीर रुग्ण आधी. पुस्तकात हेच लिहिलं होतं. ती उठली, तिने आपला तीन नंबरचा बिल्ला शालिकला दिला, त्याचा एकोणीसचा घेतला. दोन-चार म्हाताऱ्या ‘देव भलं करो’ म्हणाल्या. तिला बरं वाटलं. मुलाखत घेणाऱ्या त्या पाच जणांपैकी एखादा या वेळी ओसरीवर असता तर, असंही वाटलं.

शालिक आत गेला आणि बाहेरही आला. काखेत जवसाचं गरम पोटीस, चेहरा पडलेला.

“काय झालं?”

“आत्याबाई म्हणते, पिकलं नाही अजून. पिकंल तवा आपलं आपन फुटंल, बस म्हणते. बसलो.”

त्याच्या मागून आतून आवाज आला. आत्याबाईंचा आवाज मोठा नव्हता, पण ओसरी गप्प झाली.

“याला बिल्ला कोणी दिला?”

कुंदाने मान खाली घातली.

“जिने दिला तिला सांगा, ओरडणाऱ्याच्या छातीत वारा भरपूर असतो.”

शालिक तेवढ्याने खुलला. “हे खरं हाये,” तो सगळ्यांना म्हणाला. “माही बायकोही असंच म्हणते.”

कुंदाचे कान गरम झाले. पुन्हा नापास. घ्या, हे आपलं निदान, आणि ही आपली डॉक्टरकी. ती एकोणीसचा बिल्ला बोटांत फिरवत बसली.

ओरडणाऱ्याच्या छातीत वारा असतो... मग ज्याच्या छातीत वारा नाही, तो...

तिने मान वर केली. आता ती ऐकत नव्हती. बघत होती.

ओसरीच्या टोकाला भिंतीशी एक पोरसवदा बाई बसली होती. मांडीवर दीड-दोन वर्षांचं मूल, पदराखाली निजलेलं. तिच्या आजूबाजूला सगळे बोलत होते, ती कोणाशी बोलत नव्हती.

“झोपला का?” कुंदा तिच्याजवळ जाऊन टेकली.

“हो ना. कालपासून हगवण, वकाऱ्या. लय रडला. आता कुठं शांत झोपला.” तिच्या आवाजात कौतुक होतं. “गुनाचं पोट्टं हाये माहं. गज्या नाव.”

“आणि तुमचं?”

“पार्बती.”

“नंबर किती?”

पार्बतीने मूठ उघडली. छत्तीस.

“दादा, आता कितवा चालू आहे?”

“आठवा!”

कुंदाने पदर बाजूला केला. तिने काही ठरवलं नव्हतं. घरी राघूला लावते तसा तिने हात लावला.

कपाळ गरम नव्हतं. पण पावलं गार होती. ओठ सुकून सालपटासारखे झालेले. डोळे आत गेलेले, पापण्या अर्धवट मिटलेल्या. तिने पोटावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली.

कातडी तशीच उभी राहिली.

“हा रडला तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं का?”

पार्बती आठवू लागली. “सकाळी... नाही बा. सुकंच रडत होता.”

“शू केव्हा केली?”

पार्बती तिच्याकडे बघत राहिली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक उतरलं.

मूल झोपलं नव्हतं.

कुंदा उठली. एकोणीसचा उपयोग नव्हता. “नऊ नंबर कोणाकडे आहे?”

नऊ नंबर तेजरावांकडे होता. दूध सोसायटीचे चेअरमन, पांढरं स्वच्छ धोतर, पोटात वायू धरण्याची जुनी तक्रार. ते ओसरीवरच्या एकुलत्या एका खुर्चीत बसले होते.

“काका, तुमचा बिल्ला द्या. हा माझा एकोणीसचा घ्या.”

“काहून?”

“त्या लेकराला आधी आत न्यायला हवं.”

तेजरावांनी मान वळवून पाहिलं. “ते तर झोपून हाये चांगलं. मी सातपासून येऊन बसलो. मघा त्या गळूवाल्याले नंबर देल्ला तूनं, त्याचं काय झालं सगळ्यायनं पाह्यलं. तू कोन व? डाक्टरीन हाय काय?”

ओसरी ऐकत होती.

तेवीस दिवस हाच प्रश्न कुंदा पोस्टमनला, देवाला, नवऱ्याला आणि करपलेल्या भाजीला विचारत आली होती. आता तो तिला कोणीतरी विचारला होता, आणि उत्तर भलतंच सोपं निघालं.

“नाही,” ती म्हणाली. “डॉक्टर नाही मी. पण तुम्ही हात लावून बघा.”

“मी?”

“या. तुम्हीच बघा. मग नाही म्हणालात तर मी गप्प बसते.”

कोणी कोणावर जबरी करायची नाही, असा नियम होता, आणि ही जबरी होती की नव्हती हे यक्षदेवदादांना ठरवता आलं नाही. तेजराव कुरकुरत उठले. कुंदाने त्यांचा हात धरून मुलाच्या पावलावर ठेवला. मग पोटावर. कातडी चिमटीत धरायला लावली, सोडायला लावली.

तेजराव वाकलेलेच राहिले.

“माहा नातू एवढाच हाये,” ते कोणाला तरी म्हणाले. त्यांनी बिल्ला पुढे केला नाही, पार्बतीच्या मुठीत कोंबला, आणि स्वतःच ओरडले, “दादा, नऊ पुकारा! आठवा झाला नसंल तरी पुकारा!”

पार्बती आत गेली. तिच्या नऊच्या बदल्यात छत्तीसचा बिल्ला कुंदाकडे आला. एकोणीस तेजरावांनी घेतला आणि ते खुर्चीत न बसता खांबाशी उभे राहिले.

आतून लगेच आवाज आला.

“जिने बिल्ला दिला तिने आत यावं. हात धुऊन.”

गज्याचं डोकं आत्याबाईंच्या गुडघ्यावर होतं. त्यांनी बोटाने त्याच्या ओठाला पाण्याचा थेंब लावला आणि गळ्याकडे बघत राहिल्या. गळा हलला.

“गिळतोय,” त्या म्हणाल्या. “गिळतोय तोवर आपण. थांबला की लगेच जीप आणि तालुका. तेजरावांना सांगा, तुमची जीप दारात आणून ठेवा.”

मग त्यांनी मूल कुंदाच्या मांडीवर दिलं. उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या, त्यात साखर आणि चिमूटभर मीठ, आणि एक लहान चमचा.

“एक चमचा पाज. मग थांब. त्याने गिळलं, पोटात ठरलं, की दुसरा. घाई केलीस तर ओकेल, उशीर केलास तर सुकेल.”

“किती वेळ थांबायचं?”

“ते त्याच्याकडे बघून कळेल.”

“आणि किती चमचे?”

आत्याबाईंनी दहा नंबरच्या म्हाताऱ्याची नाडी हातात घेतली होती.

एक चमचा. थांबणं. गळा हलला.

दुसरा चमचा. थांबणं...

चौथ्याला गज्या ओकला. पार्बतीने हुंदका दिला. कुंदाने तोंड पुसलं, थोडं जास्त थांबली, चमचा अर्धाच भरला. अर्धा चमचा. थांबणं. गळा हलला.

बाहेर नंबर पुकारले जात होते. बारा. पंधरा. एकोणिसाव्याला तेजराव आत आले, पोटाचं काही बोलले नाहीत, मुलाकडे बघितलं आणि जीप उभी आहे एवढंच सांगून गेले. सूर्य खिडकीच्या एका गजावरून दुसऱ्या गजावर गेला. कुंदाच्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे हेच ती विसरली. चमचा, आणि थांबणं. या थांबण्यात आणि गेल्या तेवीस दिवसांच्या थांबण्यात काहीतरी फरक होता. काय, ते बघायला तिला सवड नव्हती.

“छत्तीस!”

एक चमचा.

“छत्तीस!”

गळा हलला. थांबणं. पापणी थरथरली का? नाही. हो.

“छत्तीस! छत्तीस नंबर, हाये का नाही?”

पार्बती दचकली. “बाई, तुमचा नंबर पुकारला!”

“शू...” कुंदा म्हणाली. “हा बघा. बघा.”

गज्याने डोळे उघडले होते. त्याने कुंदाकडे पाहिलं, ही आपली आई नव्हे हे त्याच्या लक्षात आलं, ओठ वाकडा झाला, आणि त्याने तोंड उघडून असा काही गळा काढला, की बाहेर शालिकसुद्धा गप्प झाला.

“पाणी!” पार्बती किंचाळली. “डोळ्यांत पाणी आलं!”

खरंच आलं होतं. दोन्ही डोळ्यांतून. आणि तेवढ्यात कुंदाला मांडीवर ऊब जाणवली. लग्नातली निळी साडी, मुद्दाम आज नेसून आलेली, कारण शुभ उत्तर ऐकायचं तर जुनेर कशाला. ती ऊब पसरत गेली, गुडघ्यापर्यंत.

कुंदा खाली बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि ती अख्ख्या मठाला ऐकू जाईल अशी ओरडली,

“मुतला! आत्याबाई, मुतला हा!”

“मुतला?” बाहेरून तेजराव.

“मुतला!” यक्षदेवदादांनी हाक दिली. नंबर पुकारायच्या गळ्याने. वेशीपर्यंत गेली असेल ती.

ओसरीवर गलका झाला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या बाया एकमेकींना सांगू लागल्या, आणि जी सगळ्यांत बहिरी होती तिला तीनदा सांगावं लागलं. पार्बती रडत होती, हसत होती, गज्याला घेऊ पाहत होती, आणि गज्या सगळ्या जगावर रागावून रडत होता. कुंदाला वाटलं, इतका सुंदर आवाज आपण कधी ऐकला नाही. विद्यापीठाच्या समारंभात नाव पुकारलं तेव्हाही नाही.

“त्याला आईकडे दे,” आत्याबाई म्हणाल्या. “तांब्या संपेपर्यंत चमचा चालू ठेव म्हणावं. आणि जीपमधून तालुक्याला जायचंच आहे. डॉक्टरांनी बघू दे.”

जीप गेली. तेजराव स्वतः चालवत गेले. वायूची तक्रार इथेच राहिली.

ओसरी ओस पडत आली. शालिक तेवढा पोटीस धरून बसला होता. आतल्या खोलीत आत्याबाई, आणि समोर ओल्या साडीतली कुंदा.

“तुझा नंबर गेला,” आत्याबाई म्हणाल्या.

“हो.”

“तीन हाका झाल्या.”

“ऐकल्या. म्हणजे... कानावर आल्या असतील.”

“काही विचारायचं होतं तुला.”

कुंदाने आठवून पाहिलं. सकाळी ते वाक्य तिच्या जिभेवर होतं, दंडवताच्या आधी. आता ते शोधावं लागत होतं, घाईत कुठेतरी ठेवलेल्या किल्लीसारखं.

“त्या चष्म्याचं...” ती म्हणाली. मग थांबली. “राहू द्या.”

“पुढच्या सोमवारी ये मग. बिल्ला घे.”

“बरं.”

...

सायकलची घंटा वाजली. एकदा नाही, सतत. अंगणात दिगंबर शिरला, कुंदाचा नवरा, शाळेत गणित शिकवणारा शांत माणूस. घंटा तो वाजवत नव्हता. पुढच्या छोट्या बैठकीवर राघू होता, त्याच्या हाती घंटा सापडली होती. दिगंबरच्या दातांत एक लांबोडं पाकीट होतं.

“पोस्टमन स्वतः घरी आला,” त्याने पाकीट दातांतून काढलं. “म्हणाला, बाई वेशीवर दिसल्या नाहीत, तब्येत बरी आहे ना? मी उघडलं नाही. तुझ्या नावाचं आहे.” मग त्याचं लक्ष तिच्या साडीकडे गेलं. “हे काय?”

“गज्याची शू,” कुंदा म्हणाली. तिच्या आवाजात असा काही रुबाब होता, की दिगंबरने पुढे विचारलं नाही.

तिने हात पदराच्या कोरड्या टोकाला पुसले. पाकीट फाडलं. कागद उलगडला. वरपासून वाचलं. मग पुन्हा वरपासून.

“काय?” दिगंबर म्हणाला. “काय लिहिलंय? वाच ना!”

“धूळ नव्हती,” कुंदा म्हणाली.

“काय?”

“काचेवर धूळ नव्हती! झालं! नाव लागलं माझं, अहो, झालं! पहिल्या यादीत! एक तारखेला हजर व्हा म्हणतात!”

दिगंबरने सायकल सोडून दिली. राघूला वेळेवर उचललं म्हणून बरं. मग त्या शांत माणसाने मठाच्या अंगणात, पोराला दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, एक गोल चक्कर मारली. यक्षदेवदादांना नीट ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनी आपल्या परीने पुकारलं, “पुन्हा मुतला!”

“नाही दादा,” शालिक ओसरीवरून ओरडला, “आपली बाई डाक्टर झाली! मले आपला नंबर देनारी! डाक्टरीनबाईचा इजय असो!” आणि त्याने दोन्ही हात आभाळाकडे फेकले.

दुखऱ्या काखेसकट.

कुंदा आत धावली. कागद हातात फडफडत होता, आवाज आवरत नव्हता.

“आत्याबाई! झालं! आत्याबाई, मी डॉक्टर होणार!”

आत्याबाईंनी कागदाकडे पाहिलं नाही. त्या मान किंचित कलती करून बाहेरचा कानोसा घेत होत्या. अंगणात दिगंबर हसत होता, राघू किंचाळत होता, दादा काहीतरी पुकारत होते. ओसरीवरून मात्र काहीच येत नव्हतं.

“होशील,” त्या म्हणाल्या. “शालिक गप्प झालाय. आधी हात लावून बघ.”